यंत्रशाळा आणि वस्तुभांडार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध जुन्या जिनसांच्या आणि कागदपत्रांच्या संगोपनात वेचला. त्यांचे पुष्कळसे काम लोकांच्या दृष्टीस कधी पडलेच नाही, कारण ते दालनात नव्हे तर दालनामागच्या कोठीत बसून केलेले होते. यास्तव आज मी संग्रहालयाच्या प्रदर्शनाविषयी न बोलता, जे प्रदर्शनात नाही त्याविषयी, म्हणजे राखीव संग्रहाविषयी बोलावे, आणि तो संग्रह ठेवण्यासाठी बंद पडलेल्या गिरण्या, वीजघरे, गुदामे अशा औद्योगिक इमारतींचा जो उपयोग अलीकडे देशोदेशी होऊ लागला आहे त्याची काहीशी सविस्तर चिकित्सा करावी, असे योजिले आहे.

संग्रहालय म्हणजे काचेच्या कपाटांची रांग आणि तिच्यापुढून संथपणे सरकणारे प्रेक्षक, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु जगातील बहुतेक मोठ्या संग्रहालयांत दालनात मांडलेला भाग हा एकूण संग्रहाचा लहानसा अंश असतो आणि उरलेला सारा ऐवज तळघरात, माळ्यावर किंवा शहराबाहेरच्या एखाद्या गुदामात विसावलेला असतो. दूरची उदाहरणे कशाला? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात २०,००० हून अधिक वस्तू आहेत आणि त्यांपैकी सुमारे २,५०० प्रेक्षकांस पाहावयास मिळतात. अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या नावाने दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, कोरीव दरवाजे जमविले आणि १९६२ साली हा सारा संचय महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्या माणसाची चिकाटी आपण वाखाणतो, परंतु त्याने जमविलेल्या दर आठ वस्तूंपैकी सात आज कोठे, कशा स्थितीत आणि कोणाच्या देखरेखीखाली आहेत हा प्रश्न आपल्या मनास क्वचितच शिवतो. आणि तो शिवत नाही यात संग्रहालयाचा दोष थोडा, आपला अधिक आहे.

‘जे दाखवावयाचे नाही ते ठेवावयाचे तरी कशाला,’ असा व्यवहारी आक्षेप यावर नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे लोक मूर्ख नसतात. या आक्षेपाचे मला ठाऊक असलेले सर्वांत समर्पक उत्तर पुण्यातच उभे आहे. पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रज सरकारने जी मोडी दप्तरे ताब्यात घेतली ती इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. इनामे कोणाची खरी, वतने कोणाची कायम, सरकारचा वसूल कोठे बुडतो, याची शहानिशा करण्यासाठी ती हवी होती. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांच्यासाठी पक्की दगडी इमारत बांधण्यात आली आणि हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, तेथे रचून ठेवण्यात आले. इनामांचे तंटे निवळल्यावर त्या रुमालांचा सरकारी उपयोग जवळजवळ संपला होता, आणि त्या वेळी एखाद्या काटकसरी अंमलदाराने ती रद्दी काढून टाकली असती तर त्यास कोणी फारसा दोषही दिला नसता. परंतु ते रुमाल राहिले, आणि १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली त्यांतून ‘पेशवे दप्तरा’चे ४५ खंड निघाले. वसुलाच्या प्रश्नासाठी राखलेल्या कागदांनी इतिहासाच्या प्रश्नांची उत्तरे दिली, आणि आज त्याच कागदांतून कोणी दुष्काळांचा, कोणी पिकांच्या भावांचा, कोणी स्त्रियांच्या मालमत्तेचा शोध घेतो. कोठीत ठेवलेल्या वस्तूला पुढची पिढी कोणता प्रश्न विचारील हे ठेवणाऱ्यास कळत नसते, आणि म्हणूनच त्याला निवड करण्याचा अधिकार फार थोडा व सांभाळण्याचे कर्तव्य फार मोठे असते.

हे कर्तव्य जगभर कसे पार पडत आहे याचे चित्र उत्साहजनक नाही. सांस्कृतिक वारशाच्या जतनाचे काम करणारी इक्रोम ही आंतरराष्ट्रीय संस्था रोम येथे आहे. तिने युनेस्कोच्या सहकार्याने २०११ साली जी पाहणी केली तीत संग्रहालयांच्या कोठ्यांतील सुमारे ६० टक्के वस्तू धोक्यात असल्याचे अनुमान निघाले. कोठ्या ओसंडून वाहत आहेत, वाटा अडल्या आहेत, नोंदवह्या अपुऱ्या आहेत, आणि एखादी वस्तू काढावयाची तर आधी दहा वस्तू हलवाव्या लागतात. नवी इमारत बांधावी म्हटले तर शहरात जागा नाही आणि खजिन्यात पैसा नाही. अशा पेचात सापडलेल्या संग्रहपालाची दृष्टी गावातल्या रिकाम्या गिरणीकडे वळली तर नवल नाही. तिच्या भिंती जाड असतात, जमीन भक्कम असते, छत उंच असते आणि दरवाजे बैलगाडी आत जाईल एवढे रुंद असतात; शिवाय ती आयती उभी असते. परंतु आयती मिळालेली इमारत ही योग्य इमारत असतेच असे नाही, हा माझ्या आजच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे, आणि तो मांडण्यासाठी मी प्रथम जेथे हा प्रयोग सफळ झाला त्या स्थळी आपणास नेऊ इच्छितो.

ते स्थळ रोम शहराच्या दक्षिणेस, ऑस्तिया बंदराकडे जाणाऱ्या प्राचीन रस्त्यावर, टायबर नदीच्या डाव्या तीरापाशी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा भाग रोमचा औद्योगिक वाडा होता. गॅसच्या टाक्यांचे लोखंडी सांगाडे, घाऊक बाजार आणि नदीवरील माल उतरविण्याची जागा, सारे तेथेच. १९१२ साली त्या ठिकाणी रोम नगरपालिकेने आपले स्वतःचे पहिले वीजघर चालू केले, आणि वीजपुरवठा खासगी कंपन्यांच्या हाती न ठेवता नगराच्या हाती घ्यावा या मताचा हिरिरीने पुरस्कार करणारे अर्थशास्त्रज्ञ ज्योव्हान्नी मोन्तेमार्तिनी यांचे नाव पुढे त्यास देण्यात आले. १९३३ साली तेथे फ्रान्को तोसी यांच्या कारखान्यातील ७,५०० अश्वशक्तीची दोन अजस्र डिझेल इंजिने बसविण्यात आली. सुमारे अर्धशतक या घराने रोमच्या रस्त्यांवर दिवे पेटते ठेवले. १९६३ मध्ये ते थांबले आणि मग कित्येक वर्षे ओस पडले. पुढे ज्या नगर कंपनीच्या मालकीचे ते होते तिने ते पाडून न टाकता दुरुस्त करविले, आणि यंत्रे जागच्या जागी राहू दिली. हा निर्णय घेतला गेला तेव्हा तेथे कोणत्याही मूर्ती यावयाच्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता दुसरा धागा. १८७० साली रोम इटलीच्या राज्यात सामील झाले आणि लवकरच त्या राज्याची राजधानी झाले, तेव्हा मंत्रालयांसाठी, कचेऱ्यांसाठी आणि नोकरदारांच्या वस्तीसाठी एस्क्विलिन, क्विरिनल आदि टेकड्यांवर नवे मोहल्ले वसविण्याचे काम झपाट्याने सुरू झाले. ज्या जमिनीत पाया खणावा तीत प्राचीन रोमन श्रीमंतांची उद्याने गाडलेली; त्यामुळे कुदळीच्या प्रत्येक घावासरशी संगमरवरी देह वर येऊ लागले. नगरपालिकेने १८७२ साली पुरातत्त्व समिती नेमली, तिचे चिटणीस रोदोल्फो लांचानी यांनी आयुष्यभर या शोधांच्या नोंदी ठेवल्या, आणि वस्तूंचा ओघ एवढा वाढला की कॅपिटोलिन टेकडीवरील जुन्या संग्रहालयात त्या मावेनात. सेलियो टेकडीवर त्यांच्यासाठी निराळे भांडार करण्यात आले. परंतु १९३९ मध्ये भुयारी रेल्वेच्या कामामुळे ती इमारत धोक्याची ठरली आणि तिच्यातील पुष्कळशा वस्तू पेट्यांत बंद होऊन दशकानुदशके काळोखात पडल्या. जमिनीखालून कित्येक शतकांनी सुटलेल्या मूर्ती पुन्हा बंदिवासात गेल्या, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

या दोन धाग्यांची गाठ १९९७ मध्ये पडली. कॅपिटोलिन संग्रहालयाच्या काही भागांची मोठी दुरुस्ती काढावयाची होती, दालने रिकामी करणे भाग होते, आणि शेकडो शिल्पे पुन्हा पेट्यांत घालावीत की आणखी काही करावे हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा ती शिल्पे मोन्तेमार्तिनी वीजघरात तात्पुरती नेऊन ठेवावीत, आणि ठेवलीच आहेत तर लोकांनाही पाहू द्यावीत, असे ठरले. त्या प्रदर्शनास ‘यंत्रे आणि देव’ असे नाव देण्यात आले. तात्पुरती ती व्यवस्था लोकांस इतकी भावली की पुढे ती कायम झाली, आणि आज ते वीजघर कॅपिटोलिन संग्रहाचेच एक अंग म्हणून ओळखले जाते.

यंत्रदालनात उभे राहिले म्हणजे प्रथम ती दोन इंजिने डोळ्यांत भरतात; त्यांच्या अंगावरील झडपा, दाबमापके, लोखंडी जिने, कठडे सारे पुसून लख्ख ठेवलेले. त्यांच्या काळ्याकरड्या भिंतीसमोर पांढऱ्या संगमरवराचे एक प्रचंड स्त्रीमुख आहे. हे मुख लार्गो अर्जेन्तीना येथील पवित्र प्रांगणाच्या १९२६ ते १९२९ या वर्षांतील उत्खननात सापडले. ख्रिस्तपूर्व १०१ मध्ये व्हेर्सेल्लीच्या लढाईच्या दिवशी क्विन्तुस लुतातियुस कातुलुस या सेनानीने ‘आजच्या दिवसाची भाग्यदेवता’ म्हणून जिला नवस केला, तिच्या देवळातील ही मूर्ती. मूळ मूर्ती सुमारे आठ मीटर उंच होती. चेहरा, हात व पाय संगमरवराचे आणि वस्त्रे काशाची, अशी तिची घडण होती. काशाची वस्त्रे कधीच वितळून गेली. मस्तक, बाहू आणि पाय एवढे उरले. ते पाय जवळून पाहिले तर बोटांच्या नखांवर छिन्नीने किती हळुवार काम केले आहे ते दिसते, आणि नजर किंचित वर केली की इंजिनाच्या पायथ्याशी चाकाएवढ्या नटांची रांग दिसते. तीही कोणा कारागिराने तितक्याच नेमकेपणाने आवळलेली. मला तेथे विरोधापेक्षा सख्यच अधिक जाणवले. दोहोंमागे वजन पेलण्याची विद्या आहे आणि दोहोंमागे हाताची शिस्त आहे. त्याच दालनात अपोलो सोसियानुसच्या देवळाच्या शिखरपट्टीवरील शिल्पे आहेत. ती मुळात ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक, ऑगस्टसच्या काळी रोमला आणून नव्या देवळावर चढविलेली. पलीकडे बाष्पदालनात अवाढव्य बॉयलरच्या सावलीत उद्यानांतील मूर्ती आहेत आणि जमिनीवर सांता बिबियाना चर्चजवळ सापडलेले मृगयेचे मोठे कुट्टिमचित्र अंथरलेले आहे.

आता आपण सौंदर्य क्षणभर बाजूस ठेवून हिशेब पाहू. हा प्रयोग का साधला? वीजघराची जमीन शेकडो टन वजनाच्या, शिवाय रात्रंदिवस हादरणाऱ्या यंत्रांसाठी बांधलेली असते. तिला निश्चल संगमरवर हा भार वाटत नाही. अशा इमारतीत अवजड भाग उचलण्यासाठी उंची मोकळी सोडलेली असते आणि ते आत आणण्यासाठी रुंद दारे असतात. परंतु याहून महत्त्वाचे कारण मूर्तींच्या द्रव्यात आहे. संगमरवर हा सहनशील पदार्थ आहे. उन्हाळ्यात दालन तापले, हिवाळ्यात गारठले, हवेतील ओलावा दहापंधरा टक्क्यांनी खालीवर झाला, तरी तो फारशी तक्रार करीत नाही. त्याच दालनात कोणी रंगविलेले लाकूड, हस्तिदंत, पैठणी किंवा भूर्जपत्रावरची पोथी ठेवली असती तर दोनतीन वर्षांतच रंग उकलला असता, हस्तिदंत तडकला असता आणि कापडाची झिरझिरीत चाळण झाली असती. म्हणजे रोमचे यश हे ‘औद्योगिक इमारत चांगली’ या सामान्य सिद्धांताचे प्रमाण नव्हे. वस्तूचा धर्म आणि इमारतीचा धर्म यांचा मेळ तेथे बसला, एवढेच ते सांगते. असा मेळ रोमला काहीसा दैवयोगाने लाभला. आपणास तो बुद्धिपुरस्सर घालावा लागेल.

मेळ नसला म्हणजे काय होते याचीही उदाहरणे आहेत, आणि ती दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००४ च्या मे महिन्यात पूर्व लंडनमधील लेटन येथे औद्योगिक वसाहतीतील एका कलागुदामास आग लागून आधुनिक ब्रिटिश कलेतील अनेक कृती भस्मसात झाल्या. आगीचा उगम त्या गुदामात नव्हताच, शेजारच्या गाळ्यात चोर शिरले होते आणि तेथून ती पसरली. ब्राझीलच्या चित्रपट संग्रहाचे साओ पाउलोमधील गुदाम २०२० मध्ये पुराच्या पाण्यात बुडाले आणि पुढच्याच वर्षी जुलैत, वातानुकूलन यंत्राच्या दुरुस्तीच्या वेळी, पेटले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयास तर स्वतःच्या राजवाड्यातच भय होते. जून २०१६ मध्ये सेन नदी फुगली तेव्हा तळघरातील हजारो वस्तू घाईघाईने वर हलवाव्या लागल्या, आणि शेवटी त्यांनी उत्तरेकडील जुन्या कोळसाखाणींच्या टापूत, लिएव्हें येथे, आपल्या राखीव संग्रहासाठी खास नवी वास्तू बांधली. ती २०१९ साली सुरू झाली. शेजार, पाणी आणि वीज ही तीन भये इमारतीच्या भिंतींच्या जाडीने टळत नाहीत.

आता आपल्या घरी येऊ. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी स्थापिली आणि १८५६ च्या सुमारास ताडदेव येथे ती चालू झाली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सारा गिरणगाव चिमण्यांनी भरून गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष कामगार संपावर गेले, आणि त्या संपाच्या अखेरीनंतर गिरणगाव पूर्वीचा राहिला नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनीपैकी एक तृतीयांश नगरास, एक तृतीयांश घरबांधणीस आणि एक तृतीयांश मालकास अशी वाटणी करणारा १९९१ चा नियम २००१ मध्ये बदलून तो केवळ मोकळ्या जागेपुरता करण्यात आला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल ग्राह्य धरला. परिणाम डोळ्यांपुढे आहे. काळाचौकी येथील इंडिया युनायटेड गिरणीच्या जागी वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम मुंबई महानगरपालिकेने हाती घेतले, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. परंतु मी प्रदर्शनाविषयी बोलत नाही. या राज्यातील सरकारी व खासगी संग्रहालयांच्या तुडुंब कोठ्यांसाठी, एखाद्या गिरणीची उरलीसुरली इमारत, किंवा विदर्भ-खानदेशातील बंद पडलेली सरकी काढण्याची व गाठी दाबण्याची जिनिंग-प्रेसिंगची शेड, सामायिक भांडार म्हणून घेता येईल काय, हा माझा प्रश्न आहे.

माझे उत्तर ‘होय’ असे आहे. पण त्यामागे अटी आहेत आणि त्या गिरणीच्याच स्वभावातून निघतात. साचाखाते घ्या. सुताचा धागा कोरडा झाला की तुटतो, म्हणून विणकामाच्या शेडमध्ये मुद्दाम हवा दमट ठेवीत असत; मुंबईच्या खाऱ्या दमट हवेचा या धंद्यास जो लाभ झाला तो याच कारणाने, आणि त्यातही कमी पडे तेव्हा पाण्याचे तुषार सोडण्याची यंत्रे असत. शंभर वर्षे ओलावा पिऊन बसलेल्या त्या भिंतींत आता कोरडेपणा हवा आहे, कारण सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर रेंगाळू लागली की कापडावर आणि कागदावर बुरशी चढते, आणि त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही क्षार शिरलेले काशे हिरवट भुकटी टाकू लागते. शेडचे करवतदाती छप्पर उत्तरेचा प्रकाश आत घेण्यासाठी योजिलेले असते. विणकऱ्यास तो अमृतासमान, परंतु जुन्या रंगीत वस्त्रास तो विषासमान, म्हणून भांडार करावयाचे तर त्या काचा झाकाव्याच लागतील. दोन दातांच्या मधल्या पन्हळी आषाढात तुंबल्या म्हणजे पाणी नेमके मध्यभागी, म्हणजे जेथे कपाटे उभी करावी असे वाटते तेथे, उतरते.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. दमट हवेवर उपाय म्हणून वातानुकूलन यंत्र बसविले की काम झाले, असे अनेक कार्यालयांत मानले जाते; मग सायंकाळी कचेरी सुटताना काटकसरीखातर ते बंद केले जाते. तीस अंश उष्णतेच्या आणि ऐंशी टक्के आर्द्रतेच्या हवेस सुमारे सव्वीस अंशांपर्यंत थंड केले की तिच्यातून दव सुटू लागते. जुलै महिन्यातील मुंबईची हवा प्रायः अशीच असते. दिवसभर थंड ठेवलेल्या धातूच्या मूर्तीवर रात्री बाहेरची हवा शिरून जे बाष्प जमते ते तिला दररोज थोडे थोडे खाते. याहून यंत्र मुळीच न बसविणे, जाड भिंतींवर विसंबून उष्णतेचे चढउतार मंद राखणे, आणि ओलावा शोषणारे साधे उपकरण अखंड चालू ठेवणे हे पुष्कळ बरे. जुन्या दगडी-विटांच्या भिंतींचा खरा गुण येथेच आहे, आणि पत्र्याच्या आधुनिक गुदामात तो मिळत नाही.

दुसरी अट जमिनीची. कित्येक दशके तेल पिऊन काळी झालेली लाकडी तक्तपोशी ज्वालाग्राही असते. जुन्या विद्युत रोहित्रांतील तेल, नळांवरील ॲस्बेस्टॉसचे वेष्टन, रंगखात्याच्या गटारांत मुरलेली रसायने, ही सारी त्या इमारतीची वारसाहक्काने आलेली देणी होत. कापूस पिंजणाऱ्या खात्यात आगीचे भय मोठे म्हणून जुन्या गिरण्यांच्या मनोऱ्यांवर पाण्याच्या टाक्या आणि छताखाली आपोआप उडणाऱ्या तुषारांची व्यवस्था असे; ती दुरुस्त करून ठेवावी की वस्तूंवर पाणी सांडण्याच्या भीतीने काढून टाकावी, याविषयी संग्रहपालांत मतभेद आहेत. माझे मत स्पष्ट आहे: भिजलेली पोथी वाळविता येते, जळालेली येत नाही.

परंतु इमारत कितीही सुधारली तरी भांडारास भांडारपण येते ते दप्तराने. एका गावच्या कोठीत मी पाहिलेली पितळी समई मला या बाबतीत नेहमी आठवते. तिच्या दांड्यास सुतळीने बांधलेली चिठ्ठी कसरीने खाल्ली होती. एका कोपऱ्यात ‘…गाव, १९’ एवढीच अक्षरे शिल्लक होती. समई उत्तम होती, मोर कोरलेला होता, परंतु ती कोणाच्या घरची, कोणी दिली, कोणत्या कुळाचाराची, यांतले काही उरले नव्हते. ती आता केवळ पितळ होती. त्याच समईच्या तळाशी, दिसणार नाही अशा जागी, आधी पारदर्शक लाखेचा पातळ थर, त्यावर शाईने क्रमांक आणि पुन्हा लाखेचा थर असा पाच मिनिटांचा उपचार झाला असता, तोच क्रमांक आवक वहीत, मांडणीच्या कप्प्यावर आणि छायाचित्रावर असता, तर तिची सारी वंशावळ शाबूत राहिली असती. मोठ्या इमारतीत जागा पुष्कळ असते, आणि जागा पुष्कळ असली की वस्तू कोठेही ठेवण्याचा मोह होतो. म्हणून स्थलांतराच्या आधी जुन्या जागीच मोजदाद करून वहीशी रुजवात घालावी, आणि जिची नोंद पुरी झाली तीच वस्तू गाडीत चढवावी, हा नियम मोडता कामा नये. मूळ चुकलेली यादी नव्या घरात दुरुस्त होत नाही. ती तेथे अधिक विस्तीर्ण जागेत चुकते.

आणि दार. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयाने २०१२ च्या ऑलिंपिकसाठी उभारलेल्या प्रक्षेपण केंद्राच्या भव्य कोठारात आपला राखीव संग्रह नेला आणि मे २०२५ मध्ये तो लोकांस खुला केला. अडीच लक्ष वस्तू तेथे मांडण्यांवर आहेत, आणि कोणीही साधा नागरिक सुमारे दोन आठवडे आधी मागणी नोंदवून त्यांतील पाच वस्तूंपर्यंत जवळून पाहू शकतो. एखाद्या शिंप्याने जुन्या बंडीची शिवण पाहावी, एखाद्या तांबटाने घागरीच्या सांध्याकडे बोट दाखवून त्याची रीत सांगावी, असा प्रसंग आपल्याकडील कोठीत घडण्यास कायद्याची अडचण काही नाही. अडचण आहे ती किल्ली सांभाळणाऱ्या माणसाच्या भयाची. आणि ज्याची वही पक्की आहे त्याला हे भय वाटत नाही.

अशा रीतीने कोणा नगरपालिकेने किंवा संस्थेने एखादी गिरणी खरोखरच हाती घेतली, तर तिने वस्तू हलविण्यापूर्वी एक संपूर्ण पावसाळा त्या रिकाम्या इमारतीत आर्द्रतामापके ठेवून दर तासाची नोंद घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. ज्येष्ठापासून आश्विनापर्यंतचे ते आकडे कोणत्याही वास्तुविशारदाच्या अहवालापेक्षा अधिक बोलके ठरतील. आणि त्याच पावसाळ्यात त्या गिरणीत काम केलेल्या जॉबरांस, फिटरांस आणि बॉयलरवरच्या माणसांस सन्मानाने बोलावून, योग्य मानधन देऊन, त्यांच्याबरोबर खात्याखात्यांतून फिरावे. कोणती पन्हळ दरवर्षी फुटे, कोणत्या भिंतीस ओल धरे, कोणत्या कोपऱ्यात उंदरांचा उपद्रव असे, जमिनीखालून कोणता नळ कोठे गेला आहे आणि कोणत्या खांबाजवळ अवजड यंत्र बसवावयास मुकादम नकार देत असत, ही माहिती कोणत्याही नकाशात सापडावयाची नाही. ती त्यांच्या स्मरणात आहे. जे १९८२ साली विशीपंचविशीत होते ते आज साठी केव्हाच उलटून गेले आहेत. त्यांच्या तोंडून हे सारे लिहून घेण्यास आणखी दहा वर्षे आपणास मिळतील असे धरून चालता येणार नाही.